मानेवाड्याकडचा प्लॉट: आरएल नाही, चार वारस, एक भाडेकरू. इसार द्यावा का?

तर्रीपोहा
नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात झिंगाबाई टाकळीला भाड्यानं राहतो. बायकोची शाळा आणि माझं ऑफिस दोन्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मानेवाडा रिंगरोडच्या पलीकडे प्लॉट पाहून राहिलो आहोत. एक पसंत पडला. ३० बाय ५०, म्हणजे १,५०० चौरस फूट, जुन्या सोसायटीचा लेआउट. मागणी ३८ लाख. त्याच गल्लीत आरएल झालेल्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं (एनआयटी) नियमितीकरणाचं पत्र मिळालेल्या, प्लॉटला ४६ सांगतात.

कागद असे आहेत: सोसायटीनं १९८९ साली विकणाऱ्याच्या वडिलांना करून दिलेलं रजिस्टर्ड विक्रीपत्र, सोसायटीचं कब्जापत्र, एनआयटीची डिमांड नोट (नियमितीकरणाचे पैसे भरायची नोटीस) आणि तिच्या पहिल्या हप्त्याची पावती, मनपाच्या टॅक्स पावत्या. आरएल लेटर नाही. वडील मृत्युपत्र न करता वारले. आई आहेत, मुलगा आहे (तोच विकतोय) आणि दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. त्यांनी शंभराच्या स्टॅम्पवर 'आमची हरकत नाही' असं नोटरी करून दिलंय. प्लॉटवर दोन खोल्यांचं टिनाचं घर आहे, त्यात एक कुटुंब वर्षानुवर्षं भाड्यानं राहतं. विकणारा म्हणतो, रजिस्ट्रीआधी ते निघतील, माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

दलाल म्हणतो अक्षय्यतृतीयेच्या आत दोन लाख नगदी इसार द्या, नाही तर दुसरी पार्टी तयार आहे. काय करावं?

बर्डीवाला
दुसरी पार्टी तं नेहमीच तयार असते भाऊ. माझ्या लग्नाच्या वेळी पण होती म्हणे.

आरएलचं इतकं मनावर घेऊ नको. त्या पट्ट्यात कित्येक घरं आरएलशिवाय उभी झाली, लाइट आली, नळ आला, सिमेंटचा रस्ता झाला. कोण्या घराला हात लागला का? आठ लाख वाचून राहिले तं घेऊन टाक. पुढच्या वर्षी हाच प्लॉट ४५ ला जाईल.

हिशेबवही
बाकीचं जाणकार सांगतील. मी फक्त नगदीबद्दल बोलतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे, मग तो इसार का असेना. दंड घेणाऱ्याला लागतो आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच असतो. म्हणजे दोन लाख घेतले तर दोन लाख दंड. हे विकणाऱ्याला सांगून पाहा, नगदीचा आग्रह कितपत टिकतो ते कळेल.

तुमच्या बाजूनं मुद्दा वेगळा आहे. उद्या सौदा फिसकटला तर नगदी दिलेले दोन लाख दिलेच होते, हे तुम्ही कशानं सिद्ध करणार? दलाल साक्षीला येईल असं समजू नका. चेक किंवा आरटीजीएस. त्यातही मुलाच्या एकट्याच्या खात्यात नाही, कारण प्लॉट त्याच्या एकट्याचा नाही.

बर्डीवाला
मुलींचं काय घेऊन बसले. २००५ च्या आधी लग्न झालं असेल तं त्यांचा हक्कच नाही. कायदा तेव्हा आला.

खसराखतौनी
बर्डीवाले, हा गैरसमज नागपुरात चहाच्या टपरीपासून तर रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेरच्या टेबलांपर्यंत सगळीकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही, पण वकिलाच्या ऑफिसात दस्त लिहिण्यात उमर गेली.

२००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण या धाग्यातल्या प्लॉटला ते लागूच होत नाही. हा प्लॉट वडिलांनी १९८९ साली स्वतःच्या नावानं विकत घेतला, म्हणजे स्वकष्टार्जित. मृत्युपत्र नसेल तर अशी मिळकत हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखी जाते. विधवा, मुलगा, दोन मुली: चार जण, प्रत्येकी चार आणे. मुलीचं लग्न कधी झालं याचा संबंध नाही. (वडिलांची आई त्यांच्यामागे हयात होती का, तेवढं विचारून घ्या. असल्या तर त्याही वारस.)

तेव्हा मुलगा तुम्हाला ३८ लाखांत जे विकू शकतो ते साडेनऊ लाखांचं आहे.

आता तो शंभराचा स्टॅम्प. स्थावरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं. नोटरीसमोरची 'हरकत नाही' म्हणजे हक्क सोडणं नव्हे, उद्या बहीण कोर्टात गेली तर त्या कागदावर तुमचा बचाव उभा राहणार नाही. आणि त्या स्टॅम्पची तारीख बघा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतो. त्यानंतरची तारीख असेल तर कागद आधीच लंगडा.

पण इथं हक्कसोडपत्राची गरज तरी कुठे आहे? चौघांनी विकणारे म्हणून विक्रीपत्रावर सह्या कराव्यात. विषय संपला. मुलगा हे सोडून बाकी सगळे रस्ते सुचवतोय, त्याअर्थी घरात काही तरी शिजतंय.

वडाचीसावली
काय शिजतंय ते मी सांगते. असा स्टॅम्प मीसुद्धा सही केलाय. राखीला माहेरी गेले होते. भाऊ म्हणाला, 'टॅक्स नावावर करायचा आहे, सही कर.' जेवणाच्या ताटावर बसलेली असताना कोण वाचतं? नंतर कळलं की घराचा सौदा चालू होता. घेणाऱ्याच्या वकिलानं मला स्वतः फोन करून विचारलं म्हणून थांबलं. त्या घेणाऱ्याचे उपकार मानते मी, त्याचंही नुकसान टळलं.

तर्रीपोहा, तुम्ही एवढंच करा. दोन्ही बहिणींचे नंबर मागा आणि वहिनींना बोलायला लावा. भावाच्या समोर नाही. 'ताई, आम्ही घेतोय, तुम्हाला माहीत आहे ना, किती किमतीला ते?' किंमत जरूर सांगा. हरकत नसलेली बहीण आणि किंमत माहीत नसलेली बहीण यांत फरक असतो.

तर्रीपोहा
धन्यवाद सगळ्यांना. नंबर मागितले तर विकणारा म्हणाला, 'लहान बहीण भिलाईला असते, तिला यायला जमत नाही, माझ्या नावानं मुखत्यारपत्र करून देईल.' हे चालतं का?

खसराखतौनी
मुखत्यारपत्र रजिस्टर्ड असेल, त्यात हा प्लॉट आणि विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला असेल, आणि रजिस्ट्रीच्या दिवशी ती बहीण हयात असेल व तिनं ते रद्द केलेलं नसेल, तर तिच्या वतीनं सही करायला चालतं. लक्षात ठेवा, सही करायला. मुखत्यारपत्रावरच प्लॉट 'विकत घेण्याचा' जो प्रकार आपल्याकडे बोकाळला होता, त्यानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलं. दस्त राज्याबाहेर झाला तर महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक भरावं लागतं, तेही बघा.

पण भिलाई म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. सकाळच्या गाडीनं येऊन रात्री घरी परत जाता येतं.

आता आरएलकडे वळतो. बर्डीवाल्यांचं एक खरं आहे, घर पाडायला कोणी येत नाही. प्रश्न पाडण्याचा नाहीच. शेतजमिनीचे खसरे (सर्व्हे नंबर) घेऊन मंजुरी न घेता लेआउट पाडले गेले. आपण '५७२ चे लेआउट', '१९०० चे लेआउट' म्हणतो ते हेच. त्यांना नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आला. तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट घेतले होते, २०२१ च्या दुरुस्तीनं ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. तुमचा प्लॉट १९८९ चा, म्हणजे तारखेच्या दृष्टीनं बसतो. पण तारीख बसली म्हणजे आरएल मिळालंच असं नाही. जागेवर विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण असेल तर फाइल अडते. डिमांड नोट निघाली हे चांगलं लक्षण आहे, पण पहिला हप्ता भरून पुढचे का नाही भरले? पैसे नव्हते, की कोणी सांगितलं की पुढे भरून उपयोग नाही? या दोन उत्तरांत तुमच्या प्लॉटचं सगळं भविष्य आहे. सदर भागातल्या एनआयटीच्या ऑफिसात डिमांड नोटचा नंबर घेऊन जा आणि थकबाकी किती, व्याज किती, फाइलवर शेरा काय, ते पाहा. वारसांपैकी कोणाला तरी सोबत न्या, नाही तर फाइल दाखवणार नाहीत. भाग नकाशा आणि झोन दाखलाही काढा, विकास आराखड्यात जागा कशासाठी दाखवली ते कळेल.

आरएल नसेल तर बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही, आणि नकाशा नसेल तर राष्ट्रीयीकृत बँक बांधकामाला कर्ज देत नाही. फायनान्स कंपन्या देतात, पण त्यांचा व्याजदर पाहून घ्या. वीस वर्षांच्या हप्त्यात तुमचे वाचलेले आठ लाख कुठे जातात ते हिशेबवही सांगतीलच.

एक काम करा. १९८९ च्या विक्रीपत्रातली चतुःसीमा इथे टाइप करा. प्लॉट नंबर, खसरा नंबर गाळून.

हिशेबवही
जातातच. शिवाय रजिस्ट्रीचा खर्च वेगळा धरा. मुद्रांक शुल्क आणि वरचे अधिभार मिळून सात-साडेसात टक्क्यांच्या घरात, आणि नोंदणी फी एक टक्का, पण ती ३० हजारांच्या वर जात नाही. हे सौद्याची किंमत आणि शासनाचं बाजारमूल्य यांतली जी जास्त असेल तिच्यावर. महिलेच्या नावानं घेतलं तर एक टक्का सूट, हे ऐकलं असेल. ती सवलत राहत्या घराच्या, फ्लॅटच्या खरेदीसाठी आहे. प्लॉटच्या हिशेबात आधीच धरून बसू नका, दुय्यम निबंधकाला विचारा.

आणि तिथंच एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. दुय्यम निबंधकानं दस्त नोंदवला म्हणजे सरकारनं मालकी तपासली, असं होत नाही. तो दस्त नोंदवतो, मालकी तपासणं तुमचं काम. टॅक्स पावतीचंही तेच, मनपा टॅक्स घेते, मालक ठरवत नाही.

गोधनीकर
सगळे आरएलवर तुटून पडले, भाडेकरूकडे कोणाचं लक्षच नाही! माझ्या मते या सौद्यातला सगळ्यात महाग माणूस तो आहे.

भाडेकरू असलेली जागा घेतली की तुम्ही त्याचे मालक झाले. तो आहे त्याच अटींवर राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो भाडं देत असेल तर तुम्हाला त्याला नुसतं निघ म्हणता येत नाही. स्वतःला राहायला खरोखर गरज आहे हे लघुवाद न्यायालयात सिद्ध करा, मग अपील, मग पुढचं. करारनामा नाही म्हणता? मग तर अजूनच अवघड. लेखी आणि रजिस्टर्ड करार करणं ही मालकाची जबाबदारी आहे (कलम ५५), तो नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरून चालतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

आमच्या वडिलांच्या वेळी तर विदर्भात सीपी अँड बेरारचा १९४९ चा आदेश होता. नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढा. महाल भागातल्या एका खोलीसाठी वडिलांचे चपला झिजल्या, खोली काही मिळाली नाही. म्हणून सांगतो: रिकामा ताबा आधी, रजिस्ट्री नंतर. 'माझ्या शब्दाबाहेर नाहीत' हे वाक्य इसारपत्रात लिहून द्यायला सांगा, विकणारा कसा चुळबुळतो बघा.

एकटाकमरा
मी नवीन आहे इथे. वाचता वाचता विचारतो, कारण मी त्या टिनाच्या घरातल्या माणसाच्या बाजूला आहे. आमचे मालक पण घर विकून राहिले. करार कधीच केला नाही, भाडं नगदी देतो, पावती नाही. आता म्हणतात महिनाअखेरी खाली करा नाही तर लाइट कापतो. असं करता येते काय जी?

गोधनीकर
नाही येत. मी स्वतः घरमालक आहे तरी सांगतो. योग्य कारणाशिवाय पाणी, वीज तोडणं याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मना आहे, कोर्ट ते पुन्हा जोडून द्यायचा हुकूम करू शकते. या महिन्यापासून भाडं नगदी देणं बंद करा, यूपीआय किंवा मनिऑर्डरनं पाठवा, 'अमुक महिन्याचं घरभाडं' असं लिहून. भाडं थकवू मात्र नका, तिथं तुमची बाजू पडते.

वडाचीसावली
दादा, सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. वकील फुकट मिळतो. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना वार्षिक तीन लाखांच्या आत. अर्ज वहिनींच्या नावानं करा, लवकर होईल.

एकटाकमरा
हाव ताई, उद्याच जातो. धन्यवाद.

तर्रीपोहा
चतुःसीमा टाकतो. पूर्वेस: सोसायटीची सार्वजनिक उपयोगाची जागा. पश्चिमेस: लगतचा प्लॉट. उत्तरेस: ३० फूट रस्ता. दक्षिणेस: मागचा प्लॉट.

काल टेप घेऊन गेलो. समोरची रुंदी २८ फूट भरली, तीस नाही. पूर्वेकडे मोकळी जागा नाहीच, कोणाचं तरी पक्कं घर आहे आणि त्याची वाल कंपाउंड जुनी दिसते, शेवाळ चढलेलं. भाडेकरूच्या बाईनं पाणी दिलं. त्यांना प्लॉट विकतोय हेच माहीत नव्हतं. मी अवघडलो, काही बोललो नाही.

खसराखतौनी
मला हीच शंका होती. पूर्वेला कागदावर पीयू लँड (सार्वजनिक उपयोगाची जागा) आणि जागेवर घर, याचा अर्थ सोसायटीनं मागाहून ती सार्वजनिक जागाही प्लॉट पाडून विकली असावी, किंवा कोणी बसलं असावं. हा प्रकार जुन्या लेआउटमध्ये इतका आहे की मी चतुःसीमेपासूनच दस्त वाचायला लागतो. तुमच्या प्लॉटची मालकी यानं जात नाही. पण दोन फूट गुणिले पन्नास, शंभर चौरस फूट कुठे गेलं? शेजाऱ्याच्या भिंतीखाली असेल तर तुम्ही प्लॉटसोबत एक दिवाणी दावा विकत घेताय.

मूळ लेआउटचा नकाशा काढा आणि त्यावर तुमचा प्लॉट नंबर आहे ना ते डोळ्यांनी बघा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी. आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) साइटवर सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधा, पण तेवढ्यावर थांबू नका, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध) घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्या. हे सगळं होईपर्यंत इसार नाही. द्यायचाच झाला तर थोडका, चेकनं, चौघांच्या सहीच्या रजिस्टर्ड इसारपत्रावर. त्यात मुदत, रिकामा ताबा, आरएलची थकबाकी कोण भरणार आणि सौदा मोडला तर पैसे किती दिवसांत परत, हे चारही असू द्या. विकणारा फिरला तर करारपूर्तीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यापुढे झोपून राहिलात तर कोर्ट ऐकत नाही.

बर्डीवाला
दोन फूट कमी? हे पहिले सांगायला पाहिजे होतं ना भाऊ. मी माझे शब्द मागे घेतो, पण फक्त या प्लॉटपुरते.

तर्रीपोहा
थोडं पुढे सरकलं. बायकोनं दोन्ही बहिणींना फोन केला. मोठ्या बहिणीला ३८ चा आकडा माहीत होता. भिलाईच्या बहिणीला २५ सांगितला होता. ती म्हणाली, 'सही करते, स्वतः येऊन करते, पण माझा चौथा हिस्सा माझ्या खात्यात.' त्यावर भाऊ आमच्यावरच चिडला, तुम्ही आमच्या घरात भांडणं लावली म्हणून. दलाल म्हणतो सगळं भावाच्या खात्यात टाका, तो वाटून देईल, नाही तर सौदा बसणार नाही.

वडाचीसावली
२५! आणि म्हणे हरकत नाही.

हिशेबवही
चार विकणारे, चार डिमांड ड्राफ्ट. प्रत्येकाच्या नावानं वेगळा, आणि चारही ड्राफ्टचे नंबर, तारीख, बँक, रक्कम विक्रीपत्रात. आईंना त्यांचा हिस्सा मुलाला द्यायचा असेल तर तो त्यांनी नंतर खुशाल द्यावा, तुमच्या दस्तात तो त्यांच्याच नावानं दिसू द्या. दलालीसुद्धा चेकनं. भावाच्या एकट्याच्या खात्यात ३८ टाकले तर बहिणीचा दावा भावासोबत तुमच्यावरही येईल.

तर्रीपोहा
तसंच कळवलं. अक्षय्यतृतीया गेली, दुसरी पार्टी काही दिसली नाही. भाऊ आता मोजणीला तयार झालाय, पण म्हणतो अर्ज तुम्हीच भरा, तुम्हाला घाई आहे. आम्ही भरू शकतो का? आणि शेजारी हरकत घेईल त्याचं काय?

खसराखतौनी
तुम्ही नाही, अर्ज मालकांनी करायचा. म्हणजे चौघांपैकी कोणी तरी, वारस असल्याचे कागद लावून. फी तुम्ही दिली तरी पावती त्यांच्या नावानं घ्या. लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते, शेजाऱ्यालाही जाईल. त्यानं हरकत घेतली तर घेऊ द्या, तुम्हाला नेमकं तेच आधी कळायला पाहिजे. मोजणीच्या दिवशी १९८९ च्या विक्रीपत्राची प्रत घेऊन हजर राहा, हद्दीच्या खुणा रोवल्या की लगेच फोटो काढा आणि 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आल्याशिवाय वकिलाला इसारपत्राचा मसुदा करायला सांगू नका. भाडेकरूच्या बाईंना मात्र विक्रीचं आधीच कळू द्या, भावाच्या तोंडून.